माळ्यावरचे फिल्मचे डबे टाकू नका

घर रिकामं करायची वेळ आली की सगळ्यांत आधी माळा उपसला जातो. वाडा बिल्डरकडे जातो, सोसायटी पुनर्विकासाला निघते, आजी-आजोबा मुलाकडे राहायला येतात, आणि दोन दिवसांत सगळा संसार खाली येतो. तांब्याची घंगाळं नीट गुंडाळली जातात. अल्बम कुणीतरी मागून घेतं. गंजलेले चपटे गोल डबे मात्र भंगारवाल्याच्या पोत्यात जातात.

तुमच्याकडे असे डबे असतील तर ते टाकू नका.

आत फिल्मचं रीळ असतं. बहुतेक वेळा आठ मिलिमीटरचं किंवा सुपर एट, क्वचित सोळा मिलिमीटरचं. तुमच्या वडिलांनी, काकांनी, आजोबांनी हौसेनं घेतलेल्या छोट्या सिने-कॅमेऱ्यावर काढलेलं. त्यात मुंज असेल, बारसं असेल, माथेरानची सहल असेल. आणि पुष्कळदा त्यात आगगाडीही असते. कोळशाची, धूर सोडणारी.

त्याचं कारण सोपं आहे. कॅमेरा कपाटातून निघायचा तो प्रवासाला जाताना. त्याला भरपूर उजेड लागायचा, त्यामुळे घरात काढण्यापेक्षा फलाटावर काढणं सोयीचं. आणि हलणारं काहीतरी दाखवायचं तर इंजिनापेक्षा देखणं होतंच काय? ७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली, तेव्हाही त्यातलं एक चित्र स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचं होतं. आपले हौशी लोक पुढे कितीतरी वर्षं तेच काढत राहिले.

भुसावळ, मनमाड, दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर, मिरज या गावांत ज्यांचं बालपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं, त्यांनी तर हे डबे आवर्जून शोधावेत. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेला किंवा इंग्लंडला गेलेल्या नातेवाइकांनाही विचारा. तिकडे सुपर एट कॅमेरा सहज मिळायचा. सुटीत घरी आलेला मुलगा स्टेशनपासूनच चित्रीकरण सुरू करायचा.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरातल्या चार मिनिटांचं एवढं काय?

ती गाडी आता नाही, म्हणून. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी पुढे एकीकडे लातूरपर्यंत आणि दुसरीकडे पंढरपूरवरून मिरजेपर्यंत गेली. आषाढीला वारकऱ्यांनी भरून जाणारी ती गाडी आज कुठेच नाही, कारण तो सगळा मार्ग रुंद झाला. पुणे-मिरज मार्ग १९७१ सालापर्यंत मीटरगेज होता. विदर्भातली ‘शकुंतला’ मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जायची. तिला १९९४ सालापर्यंत वाफेचं इंजिन होतं. आता ती गाडीही बंद आहे. माथेरानला १९०७ साली जर्मनीहून आणलेली चार छोटी वाफेची इंजिनं होती, त्यांची जागा डिझेलनं घेतली.

या गाड्यांचे फोटो बरेच आहेत. हलतं चित्र फार थोडं. रेल्वेच्या हद्दीत फोटो काढायलाही परवानगी लागत असे, मग फिल्मची काय कथा! जे काही निघालं ते बऱ्याचदा कुटुंबाच्या निमित्तानं निघालं. पुढे आत्या हात हलवते आहे आणि मागे इंजिन पाणी घेतं आहे. आत्या तुमची. इंजिनाचं ते दृश्य मात्र कदाचित दुसऱ्या कुणाकडेच नसेल.

ब्रिटिश अधिकारी आणि त्यांच्या घरच्यांनी हिंदुस्थानात काढलेल्या अशा घरगुती फिल्म केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्रानं गोळा करून जपल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळ आज घरबसल्या पाहता येतात. साहेबांच्या सहली सुरक्षित आहेत. आपल्याच घरातली मुंज आणि आपल्याच स्टेशनातली गाडी भंगारात जावी, हे मला पटत नाही.

आता काय करायचं ते सांगतो. आधी एक न करण्याची गोष्ट.

प्रोजेक्टर लावू नका.

हे सगळ्यांत महत्त्वाचं. डब्याशेजारी जुना प्रोजेक्टर सापडेलच. नातवंडं म्हणतील, लावून बघू या ना! त्या क्षणी तुम्ही ठाम राहा.

फिल्म जुनी झाली की आक्रसते. कडेची भोकं प्रोजेक्टरच्या दातांशी जुळत नाहीत. मग दात भोकं फाडत जातात. प्रोजेक्टरचं रबरही कडक झालेलं असतं, त्यामुळे फिल्म मध्येच अडकते. आतला दिवा फार तापतो. एका जागी थांबलेल्या चित्रावर दोन-तीन सेकंदांत तपकिरी फोड येतो, आणि गेलेलं चित्र परत येत नाही.

आठ मिलिमीटरच्या एक फूट फिल्मवर ऐंशी चित्रं असतात. सेकंदाला सोळा चित्रं पुढे सरकतात. म्हणजे एक फूट फाटली की पाच सेकंद गेली. पन्नास फुटांचं अख्खं रीळ जेमतेम सव्वाचार मिनिटांचं. सुपर एटचं तर तीन मिनिटं वीस सेकंदांचं. त्यात गाडी फलाटावरून जायला पंधरा सेकंद लागली असतील. एका फाटण्यात त्यातली किती गेली, हिशोब करा.

शिवाय एवढी वर्षं पडून असलेल्या यंत्राची वायर शॉक देऊ शकते, ते वेगळंच. प्रोजेक्टर जपा, शोभेला ठेवा, पण त्यात फिल्म घालू नका.

मग डबा उघडायचा कसा? दिवसा, खिडकीजवळ, खिडकी उघडी ठेवून. टेबलावर स्वच्छ पांढरं सुती कापड पसरा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा.

झाकण काढलं की आधी वास घ्या.

काहीच वास आला नाही तर उत्तम. आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्म आतून कुजायला लागली आहे. या फिल्मचा पाया ॲसिटेटचा असतो. उष्णता आणि दमट हवा यांनी तो मोडतो आणि त्यातून ॲसिड सुटतं. तेच ॲसिड पुढची मोड आणखी वेगानं करतं. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही, फक्त मंद करता येतं. आणि त्याची वाफ शेजारच्या चांगल्या रिळांनाही बाधते.

म्हणून आंबट वासाचे डबे बाजूला काढा. दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि प्रत करायला पहिला नंबर त्यांचा लावा. लोक उलटं करतात. चांगली दिसणारी रिळं आधी देतात आणि ‘ही खराब झालीत’ म्हणून बाकीची फेकतात. आजारी माणसाला आधी डॉक्टरकडे नेतात, एवढं इथेही लक्षात ठेवा.

पांढरी बुरशी दिसली तर पुसू नका. ओल्या फडक्यानं तर मुळीच नाही. बुरशीनं चित्राचा थर मऊ केलेला असतो, ओल्या फडक्याबरोबर आगगाडीही निघून येईल. स्पिरिट, कॉलन वॉटर, चष्म्याचं पाणी, यातलं काहीही नको. ते काम जाणकारावर सोडा.

एक सावधगिरी सांगतो. फिल्म पस्तीस मिलिमीटरची, म्हणजे चांगली रुंद, सिनेमागृहातल्यासारखी असेल आणि १९५०च्या आसपासची किंवा त्याआधीची असेल, तर तिला हात लावू नका. ती नायट्रेटची असू शकते. नायट्रेट फार लवकर पेट घेते आणि पाण्यानंही विझत नाही. २००३ साली पुण्यात चित्रपट संग्रहालयातल्या अशाच फिल्मच्या साठ्याला आग लागून अनमोल ठेवा गेला. अशी फिल्म सापडली तर देवघर आणि स्वयंपाकघर यांपासून दूर ठेवा आणि लगेच संग्रहालयाला कळवा. घरगुती आठ आणि सोळा मिलिमीटरच्या फिल्मबाबत ही भीती नाही. कोडॅकनं त्या पहिल्यापासून सुरक्षित पायावरच केल्या. कडेला बारीक अक्षरांत ‘सेफ्टी’ असं छापलेलंही दिसेल.

आता फिल्म कडांनी धरून हातभर उलगडा. खिडकीच्या उजेडासमोर धरा. भिंग लावा. आठ मिलिमीटरचं एक चित्र कच्च्या साबुदाण्याएवढं असतं. सुरुवातीला फक्त काळं-पांढरं काहीतरी दिसेल. मग डोळा सरावतो. वरच्या अर्ध्या भागात पांढरा पसारा असतो, तो धूर. खाली गडद गोल, ते इंजिनाचं तोंड. कडेला उभी रेघ, तो सिग्नलचा खांब. पुढची चार-पाच चित्रं पाहिलीत तर धूर थोडा डावीकडे सरकलेला असतो. एवढं पाहिलंत की पुरे. हळूच परत गुंडाळा, फार घट्ट नको, फार सैल नको.

फिल्म कोणती हे भोकांवरून ओळखता येतं. आठ मिलिमीटरची भोकं मोठी, आणि दोन चित्रांच्या मधल्या रेषेवर. सुपर एटची भोकं बारीक, आणि चित्राच्या मध्यासमोर. सोळाची फिल्म दुप्पट रुंद. भोकं फिल्मच्या अगदी मधोमध, दोन चित्रांच्या मध्ये असतील तर ती साडेनऊ मिलिमीटरची. कडेला तपकिरी पट्टी असेल तर तिच्यात आवाज असू शकतो. ही माहिती कागदावर लिहा, दुकानात विचारतील.

डब्यासोबतचं पिवळं खोकं, पाकीट, चिठ्ठी, काही फेकू नका. फिल्म धुऊन पोस्टानं यायची. खोक्यावर शिक्का असतो, कधी तारीख असते, आजोबांच्या हस्ताक्षरात ‘पंढरपूर, कार्तिकी’ असं लिहिलेलंही असतं. एवढ्यावरून वर्ष लागतं.

ठेवायचं कुठे? माळ्यावर नाही. स्लॅबखालचा माळा मे महिन्यात भट्टी होतो. न्हाणीघरावरचा माळा तर बारा महिने दमट. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट पावसाळ्यात ओल धरतं. घरातल्या आतल्या खोलीत, खालच्या कप्प्यात, उजेड न पडणाऱ्या जागी ठेवा. डबा आडवा ठेवा. गंजलेला डबा बदला. फिल्मसाठीचा प्लास्टिकचा डबा मिळाला नाही तर जाड पुठ्ठ्याचं खोकं चालेल. डांबराच्या गोळ्या नकोत, कापूर नको. फ्रिजमध्येही ठेवू नका, बाहेर काढताना फिल्मवर पाणी सुटतं.

कोकणातल्या घरांना जास्तच जपायला हवं. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गात वाफेची गाडी कुणी पाहिलीच नाही. पण गिरणगावातल्या चाकरमान्यांनी मुंबईची बिऱ्हाडं मोडली तेव्हा बऱ्याच ट्रंका गावाकडे गेल्या. तिथल्या चार महिन्यांच्या पावसात फिल्म टिकणं अवघड. अशा ट्रंका गणपतीत गावी जाल तेव्हाच उघडा, परत येताना डबे सोबत आणा.

आता थोडा मजेचा भाग. गाडी कुठली आणि कधीची, हे तुम्ही स्वतः बऱ्यापैकी शोधू शकता.

इंजिनाच्या मागच्या कोळशाच्या डब्यावरची अक्षरं बघा. जीआयपी रेल्वेची अक्षरं दिसली तर चित्रण बहुधा नोव्हेंबर १९५१च्या आधीचं, कारण तेव्हा ती रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. जुनी अक्षरं पुसून नवी घालायला काही काळ लागला असणार, तेवढी सूट ठेवा. डब्यांवर तिसऱ्या वर्गाची खूण दिसली तर १९७४च्या आधीचं. त्या वर्षी तिसरा वर्ग रद्द झाला.

इंजिनाचं नाक पुढे फुगीर, गोलसर आणि त्यावर चांदणी असेल तर ते डब्ल्यूपी. एक्स्प्रेस गाड्यांचं इंजिन. ही इंजिनं १९४७पासून आली, म्हणजे तुमची फिल्म त्यानंतरची. चपट्या तोंडाची, मालगाड्या ओढणारी डब्ल्यूजी इंजिनं चित्तरंजनला तयार व्हायची. तिथलं शेवटचं ब्रॉडगेज वाफेचं इंजिन १९७० साली बाहेर पडलं. वाफेची इंजिनं मात्र त्यानंतरही पाव शतक देशात धावत होती. त्यामुळे ‘वाफेचं इंजिन आहे म्हणजे इंग्रजांच्या काळातली फिल्म’ असं धरून चालू नका. तुमच्या फिल्ममधली शाळकरी मुलगी आज पन्नाशीचीही असू शकते.

पुण्याचं म्हणाल तर मुंबई-पुणे मार्ग १९३०पर्यंत विजेवर आला. त्याच वर्षी १ जूनला सुरू झालेली डेक्कन क्वीनही विजेवरच. घरातलं कुणी छातीठोकपणे म्हणालं, ‘हे डेक्कन क्वीनचं कोळशाचं इंजिन’, तर वाद घालू नका, पण कागदावर प्रश्नचिन्ह टाका. पुणे स्टेशनातलं वाफेचं इंजिन दौंडकडच्या किंवा मिरजेकडच्या गाडीचं असण्याचा संभव जास्त.

रुळांमधलं अंतरही बघा. माणूस रूळ ओलांडताना दिसला की त्याच्या पावलांवरून अंदाज येतो. ब्रॉडगेज साडेपाच फूट, मीटरगेज सव्वातीन फूट, बार्शीची अडीच फूट, माथेरानची दोन फूट. मनमाडहून मराठवाड्यात जाणारा मार्ग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मीटरगेज होता. औरंगाबादला आजोळ असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

कोडॅकच्या फिल्मच्या कडेला गोल, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा असतात. त्यावरून फिल्म कोणत्या वर्षी बनली ते कळतं. मात्र त्याच खुणा वीस वर्षांनी पुन्हा वापरल्या गेल्या. तेव्हा खूण १९४२ची की १९६२ची, हे आत्याच्या वयावरूनच ठरवावं लागेल!

आता प्रत करून घ्यायची.

गावातल्या व्हिडिओवाल्याकडे जाल. तो म्हणेल, ‘काका, भिंतीवर पाडतो आणि कॅमेऱ्यानं शूट करून पेन ड्राइव्हमध्ये देतो.’ नम्रपणे डबा परत घ्या. यात फिल्म प्रोजेक्टरमधून जाते, म्हणजे वरचा सगळा धोका आला. शिवाय चित्र थरथरतं, कडा कापल्या जातात, मध्यभागी पांढरं होतं.

तुम्हाला हवं आहे ते स्कॅनिंग. फिल्म यंत्रातून हळू सरकते आणि एकेका चित्राचा वेगळा फोटो निघतो. डबा हातातून सोडण्याआधी एवढे प्रश्न विचारा. एकेक चित्र वेगळं स्कॅन करता का? आक्रसलेली फिल्म दातांशिवाय चालवता येते का? काम तुमच्याकडेच होतं की दुसरीकडे पाठवता? काहीही न सुधारलेली मूळ फाइल मला मिळेल का? रीळ परत कधी मिळेल? उत्तरं गुळमुळीत वाटली तर दुसरीकडे जा.

पहिल्यांदा एकच रीळ द्या. काम बघा. मग बाकीची. सगळी रिळं एकदम कुरियरनं पाठवू नका. शक्य असेल तर स्वतः नेऊन द्या, आणि उन्हात उभ्या गाडीत डबे सोडून जेवायला जाऊ नका. दर फुटावर आहे की मिनिटावर, ते आधी लिहून घ्या. खर्च थोडका नाही. भावंडांनी वाटून घेतला तर जड जात नाही. प्रत सगळ्यांना मिळणार आहे, वर्गणीही सगळ्यांनी द्यावी.

वेग तपासा. जुन्या फिल्म सेकंदाला सोळा किंवा अठरा चित्रांच्या वेगानं काढलेल्या असतात. त्या आजच्या वेगानं चालवल्या की माणसं तुरुतुरु पळतात आणि इंजिनाचे दांडे पिसाटल्यासारखे फिरतात. गाडी नीट वेगानं धावायला हवी, असं सांगा.

रंग गुलाबी झाले असतील तर घाबरू नका. बऱ्याच रंगीत फिल्मचं असं होतं. संगणकावर ते पुष्कळसं सावरता येतं. कोडाक्रोम असेल तर नशीबवान आहात, अंधारात ठेवलेल्या कोडाक्रोमचे रंग अजून टवटवीत असतात.

एक आग्रह. आजकाल मोबाइलवरही जुन्या चित्रात रंग भरून, ठळक करून देतात. हौस म्हणून एक प्रत तशी करा. पण संगणक नसलेलं भरतो. अस्पष्ट इंजिन-क्रमांक तो ठळक करतो आणि भलताच करतो. स्टेशनच्या पाटीवर अक्षरांसारखी दिसणारी, पण कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं उमटतात. तेव्हा न सुधारलेली प्रत वेगळी ठेवा. आणि कृपा करून सगळ्या प्रतींवर सिनेमातलं गाणं चढवू नका. फिल्म मुकी आहे, तिला मुकी राहू द्या.

पुढची गोष्ट घरात वाद लावणारी आहे. फिल्म कापायची नाही.

गाडीवेड्या मित्राला इंजिन हवं असतं. तो म्हणतो, ते बारशाचं काढून टाका. घरच्यांना बारसं हवं असतं. ते म्हणतात, हा धूर किती वेळ बघायचा? दोघांचंही ऐकू नका. बारशातल्या साड्या, पाहुण्यांच्या टोप्या, अंगणातली सायकल यांवरूनच गाडीचं वर्ष लागतं. आणि गाडीवरूनच कळतं की आजी बाळंतपणाला कुठल्या मार्गानं माहेरी गेली होती. एकाला दुसऱ्यापासून तोडलं की दोन्ही अर्धवट होतात. कुणाला तुकडा हवा असेल तर तो प्रतीतून काढून द्या. मूळ रिळाला कात्री लावू नका. तुटलेलं जोडायला सेलोटेपही लावू नका, त्याचा चीक चित्रावर पसरतो.

स्कॅन झालेली फाइल हातात आली की ती आधी घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला दाखवा. टीव्हीवर, मोठ्या पडद्यावर. बाजूला मोबाइलवर आवाज मुद्रित करत ठेवा.

प्रश्नांची सरबत्ती करू नका. बघू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बोलायला लागतात. ‘हा ड्रायव्हर आपल्या चाळीत राहायचा.’ ‘फायरमनच्या हाताला भाजल्याचे डाग असायचे.’ ‘खिडकीत बसलं की डोळ्यात कोळशाचा कण जायचा, मग आई पदराच्या टोकानं काढायची.’ मग थांबवून विचारा, हे स्टेशन कोणतं? हा पाणी भरणारा कोण? हिरवं निशाण दाखवतो तो गार्ड का? खलाशी, पॉइंट्समन, स्टेशन मास्तरांची मुलं, जी नावं आठवतील ती लिहून घ्या. फिल्ममध्ये आवाज नाही. एवढीच माणसं तिला आवाज देऊ शकतात.

घरातलं कुणी नव्वदीला टेकलं असेल तर स्कॅनिंगची वाटही पाहू नका. खिडकीच्या उजेडात भिंगातून दोन फूट फिल्म दाखवा, खोक्यावरची अक्षरं वाचून दाखवा, आणि बोलतं करा.

फाइलच्या किमान तीन प्रती करा. एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे किंवा मुलीकडे, एक इंटरनेटवरच्या साठवणीत. एकाच घरात तीन पेन ड्राइव्ह ठेवणं म्हणजे एकच प्रत. व्हॉट्सॲपवरून गेलेली फिल्म ही प्रत नव्हे, ते चित्र दाबून बारीक करतं. यूट्यूबवर टाकली तर लोकांना बघायला मिळेल, पण जपणूक झाली असं समजू नका. हार्ड डिस्क दोन-तीन वर्षांनी लावून बघा, चालते का.

आणि स्कॅन झालं म्हणून मूळ रीळ फेकू नका. आजचं स्कॅनिंग आजच्या यंत्राचं आहे, उद्या यापेक्षा चांगलं निघेल. फिल्मवरचं चित्र कुठल्याही यंत्राशिवाय, नुसत्या उजेडात दिसतं. ती सोय डिस्कला नाही. ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, १९३१चा. आज त्याची एकही प्रत उरलेली नाही. एवढ्या मोठ्या सिनेमाची ही गत, तर घरातल्या रिळाला विचारतो कोण? तुम्हीच विचारायचं.

बातमी पसरली की माणसं येतील. रेल्वेचे नादिष्ट लोक बहुतेक भले असतात. इंजिन बघून तुम्हाला नंबरासकट माहिती सांगतील, चहा पिऊन जातील. त्यांना प्रत द्या, खुशाल द्या. पण कुणी म्हणालं, ‘माहितीपट करतोय, रीळ दोन दिवस देता का’, तर रीळ देऊ नका. फाइल द्या, आणि कशासाठी वापरणार, कुणाचं नाव देणार, हे दोन ओळींत लिहून घ्या. जुन्या बाजारात विकायचा मोह झाला तर एवढं लक्षात घ्या, तिथे डब्याला आणि प्रोजेक्टरला गिऱ्हाईक असतं, आतल्या माणसांना नसतं.

घरात ठेवणं जमणार नसेल, मुलं परदेशी असतील, जागा नसेल, तर संस्थेकडे द्या. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४पासूनचं. मुंबईत २०१४ साली सुरू झालेलं फिल्म हेरिटेज फाउंडेशन जुन्या फिल्म जपण्याचंच काम करतं. थेट डबे घेऊन दारात उभे राहू नका. आधी पत्र किंवा ईमेल पाठवा. किती रिळं, कोणत्या मापाची, साधारण कधीची, त्यात काय दिसतं, वास येतो का, एवढं लिहा. ‘१९६०च्या सुमाराची मिरज स्टेशनातली मीटरगेज गाडी’ असं लिहिलंत तर पत्र लगेच वाचलं जाईल. ‘जुन्या फिल्म आहेत’ एवढंच लिहिलंत तर ते इतर पत्रांच्या खाली जाईल. सगळं घेतीलच असं नाही, घेतलं नाही तर रागावू नका, दुसरीकडे विचारा.

देताना भावंडांची संमती घ्या. तुम्ही कायमचं दान देताय की फक्त सांभाळायला देताय, हे कागदावर हवं. वापरायची परवानगी कुणाकडे राहील तेही हवं. तुम्हाला एक डिजिटल प्रत मिळेल, असं लिहून घ्या. कागदावर दोन्हीकडच्या सह्या होऊन त्याची एक प्रत तुमच्या हातात आल्याशिवाय मूळ रीळ कुणालाही देऊ नका, संस्थेलाही नाही.